लवंगेच्या तेलातला पदर

म्हसावद, सोमवार, १९३८

१. मुंबईच्या प्रदर्शनासाठी मी रंगवलेलं माझंच तैलचित्र सासूबाईंनी पाहिलं.
२. म्हणाल्या, "डोकावर पदर काढ, मंगच ते घरबाहेर जाई."
३. काढला.

मला चित्रकला शिकवणाऱ्या मास्तरांची नक्कल नसलेलं माझं हे पहिलं चित्र. पदराखालचे केस पूर्ण वाळले आहेत. पदराच्या रंगात लवंगेचं तेल घातलं, म्हणजे तो उशिरा वाळेल. तोवर टर्पेंटाइनने पुसता येईल.

"लवंगना वास कसाना व?" सासूबाईंनी विचारलं. दाढ दुखते, म्हटलं.

पदर इतका चांगला का जमला? रोजचाच, म्हणून? घरात कळलं, तर पुन्हा रंग हाती येणार नाहीत. तरीही मास्तरांना उद्या लिहायचं: प्रदर्शनासाठीचं चित्र पदरासकट तुमच्याकडे पाठवते. ओला आहे तोवर तुम्ही तो पुसाल का? पुढच्या गुरुवारपर्यंत कळवा.