निळ्या टोप्यांचा मंगळवार

प्रिय अब्बकर,

तुझी चिठ्ठी आणि सोबतचा कागद, दोन्ही मिळाली. टॉवर पाडल्यापासून छावणीत फोन लागत नाही, म्हणून हे पत्र औषधांच्या गाडीतल्या नर्सबाईंच्या हाती देते आहे. आई कशी आहे, असं तू पहिल्याच ओळीत विचारलंस. सांगते, पण जरा दमानं. आधी तुझ्या अदिस अबाबाचं बोलू. तिथल्या हॉटेलात कॉफी फार छान मिळते म्हणतोस. चार महिने झाले, तुमची बोलणी चालली आहेत आणि तू एकाचं म्हणणं दुसऱ्याला अरबीत समजावून देतो आहेस. आफ्रिकेच्या शांतिसेनेच्या हिरव्या टोप्या जाऊन साऱ्या जगाच्या, संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोप्या दारफूरमध्ये कधी येणार, हुकूम कुणाचा चालणार, सरकार कुणाला पाऊल ठेवू देणार. बोला बाबांनो, सावकाश बोला. इथे चूल मात्र रोज पेटवावी लागते.

तू गेलास तेव्हा मंगळवारची पद्धत नीट चालू होती. आम्ही बायका उजाडताच सरपणाला निघायचो आणि कोरड्या नदीपाशी, हिंगणबेटाच्या झाडाखाली, हिरव्या टोप्यांच्या कॅप्टन सेदूच्या गाड्या राखणीसाठी आम्हाला गाठायच्या. गाड्यांसाठी छावणीत कुणी थांबायचं नाही. पायी जाणारीनं आधी निघायचं, हे ठरलेलंच. मग पुढे-मागे गाड्या, मधे आम्ही आणि गाढवं. आई त्या सेनेगली शिपायांची थट्टा करायची, "एवढी मोठी बंदूक, आणि काट्याला भितोस होय रे?" त्यांना कळायचं नाही, तरी हसायचे.

तुमची बोलणी सुरू झाली आणि इकडे डिझेल आटलं. सेदूला विचारायला मीच गेले. बिचारा मान खाली घालून म्हणाला, "बाई, आम्ही आता जाणारी माणसं. आम्हाला डिझेल कोण देतंय? येणाऱ्यांना मागा." येणारे तर आलेच नव्हते. पुरुष सरपणाला गेले तर घोड्यांवरचे हल्लेखोर त्यांना ठार मारतात, बायका निदान परत येतात, म्हणून आम्हीच जायचं. पण गाड्यांशिवाय आमचीही छाती होईना. सहा आठवडे खाटांचे पाय आणि झोपडीचे वासे जाळले. मदतीची ज्वारी होती, पण ती काय कच्ची चावायची?

आणि त्या रविवारी तुझा फोन आला. "ताई, झालं! सगळ्यांनी मान्य केलं! निळ्या टोप्या येणार!" किती ओरडत होतास तू! मी रडले, आणि मग गल्लीगल्लीतून तेच ओरडत सुटले. आईनं तर शेजारणीला सुनावलं, "बघ गं, म्हणत होतीस ना, माझा पोरगा नुसता बोलायचा पगार खातो म्हणून!" कधी येणार, हे मी विचारलं नाही. तूही सांगितलं नाहीस. मागाहून कळलं, त्यांच्या येण्याला हरकत नाही, एवढंच ठरलं होतं. कोणत्या देशाचे शिपाई, कुणाच्या हाताखाली, कोणत्या महिन्यात, सगळं अजून बाकी होतं, आणि त्या खोलीत बसून तुला ते ठाऊक होतं. आनंदाच्या भरात बोलून गेलास. मी तुला दोष देत नाही, असं लिहिणार होते. पण खोटं कशाला लिहू? देते. स्वतःलाही देते.

आता निळ्या टोप्यांच्या गाड्या गाठतील, म्हणून मंगळवारी एकतीस जणी निघालो. झाडाखाली गाडी आली नाही. दोघी म्हणाल्या, परत फिरू. मीच म्हटलं, "चला गं, येतील मागून. माझा भाऊ बसलाय ना तिथे!" आम्ही नदी ओलांडली. मागून आले ते घोडेस्वार होते. तीस जणी परत आलो. कशा आलो, ते विचारू नकोस.

आता तुझा कागद. निळ्या टोप्या लवकर पाठवा, अशी छावणीतल्या बायकांची विनंती, आणि खाली आमचे अंगठे; पुढच्या बैठकीत तुमच्या साहेबांना दाखवायला. त्या मंगळवारी निघालेल्या एकतीस जणींची नावं लिहून घेतले आहेत, परत आलेल्या तिसाही जणींचे. एकतिसावी जागा कोरी आहे. तिच्यासमोर मी आईचं नाव लिहिलंय. तिला त्याच झाडाखाली पुरलं. सेदूचे शिपाई पायी चालत आले आणि त्यांनीच खड्डा खणला. साहेब विचारतील, इथे अंगठा का नाही. आजवर तू दुसऱ्यांचं म्हणणं सांगत आलास, अब्बकर. हे तुझं म्हणून सांग.

तुझीच, अजूनही तुझीच ताई,
कलतुमा