विधवेचं मत

हिकरी ब्रूक, न्यू जर्सी
नोव्हेंबर १८०७

प्रिय एफ्राइम,

टपालाची गाडी दुपारी येते. तोवर हे पत्र संपायला हवं, म्हणून न्याहारीची भांडी तशीच टाकून बसले आहे. बसले म्हणते खरी, पण पुन्हा पुन्हा उठतेच आहे. एकदा डुकरं पाहून आले, एकदा सफरचंदाच्या सायडरची पिंपं, एकदा उगाचच रस्त्यापर्यंत. तू ट्रेंटनला विधिमंडळात जाऊन बसलास आणि इथे गावभरच्या घोड्यांचे पट्टे नेमके आत्ताच तुटताहेत. तुझ्या खोगिराच्या दुकानाचं कुलूप पाहून लोक म्हणतात, "निवडून दिला खरा, पण आता लगाम कोण शिवणार?" मीही हसते, आणि घरी आले की पुन्हा जीव टांगणीला लागतो.

तुला ठाऊक आहे, ही सफरचंदाची बाग माझ्या वडिलांची. लग्नाच्या दिवशी ती बॅरेंटची झाली. बॅरेंट वाईट नव्हता, देव त्याला शांती देवो. पण आयत्या बिळावर नागोबा तो होताच. वठलेलं झाड तोडायचं तरी मला त्याची परवानगी घ्यावी लागे. जाताना मृत्युपत्रात त्याने बाग मलाच दिली, आणि तिच्यासोबत आणखी एक गोष्ट आली, जिच्याबद्दल दफनाला आलेल्यांपैकी कुणी चकार शब्द काढला नाही. इंग्लंडच्या राजाशी भांडण पेटलं त्या साली आपल्या राज्याची घटना लिहिली गेली. पन्नास पौंडांची मालमत्ता असलेल्या रहिवाशाला मत, असं तीत आहे. 'पुरुषाला' असं लिहिलेलं नाही. बायकोच्या नावावर काहीच नसतं, म्हणून तिला मत नाही. विधवेला आहे. म्हणजे इथे बाईला तोंड उघडायचं तर आधी नवऱ्याला पुरावं लागतं. हे मी एकदा चर्चबाहेर बोलून गेले, तेव्हापासून पाद्रीबुवा माझ्याशी फक्त हवामानावर बोलतात.

पहिल्यांदा मत द्यायला खानावळीत आले तो दिवस आठवतो? खानावळवाला मतांच्या खोक्यावर हात ठेवून म्हणाला, "काय केझाया, अंडी विकायला आलीस का?" रांगेत सगळे खिदळले. तू मागे उभा होतास. "हात काढ रे बाबा, मलाही दुकान उघडायचंय," एवढंच म्हणालास, तेही जांभई देत. माझी बाजू कुणी इतक्या सहज घेतलेली मी कधी पाहिली नव्हती. त्या दिवसापासून तू मला आवडतोस. हे आजवर लिहिलं नव्हतं, आज लिहिते.

मग दर वसंतात तुझं विचारणं आणि माझं नाही म्हणणं. कारण तुला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं: तुझी बायको झाले की बाग तुझी, आणि मत गेलं. तू रागावला नाहीस. "माझ्या मतातलं अर्धं देईन तुला," म्हणालास. अर्धी चिठ्ठी खोक्यात टाकता येत नाही, एफ्राइम. गेल्या महिन्यात मी पुरी चिठ्ठी टाकली, तुझ्या नावाची. तू निवडून आलास, तेव्हा कपाटात मुद्दाम ठेवलेली सफरचंदाची दारू काढून एकटीने प्यायले.

आणि आता तुमच्या विधिमंडळापुढे आलेला हा कायदा. पुढे फक्त गोऱ्या पुरुषांनाच मत. म्हणे न्यूअर्ककडे कोर्टाची इमारत कुठे बांधायची यावरून झालेल्या मतदानात फार लबाडी झाली, पुरुष झगे घालून पुन्हा पुन्हा मत देऊन गेले. म्हणजे झगे घातले पुरुषांनी आणि मत जाणार बायकांचं! चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. निवडणूक आली की दोन्ही पक्षांच्या गाड्या माझ्या दारात उभ्या असतात, "चला बाई, चढा बाई." एरवी मी चिखलात रुतले तरी कुणी थांबत नाही. पिंपं करणारा टायटस काल आला होता. गुलामीतून सुटून त्याने घर उभं केलं, मतही देऊ लागला. बातमी सांगितली तर हातातली पिंपाची कडी तशीच धरून म्हणाला, "म्हणजे गेल्या महिन्यातलं ते शेवटचंच का हो?"

मग संध्याकाळी तुझी बहीण डॉर्कस आली, गालात हसत. "आता कसली गं अडचण तुला? कायदा होऊ दे. मतच राहिलं नाही, तर माझ्या भावाला नाही कशावर म्हणशील? एफ्राइमने तिथे एकदा हो म्हणायचा अवकाश, की तू आमच्या घरात!" ती गमतीत बोलली. मी मात्र तेव्हापासून येरझाऱ्या घालते आहे. कारण तिला सुचलं ते तुला सुचलं नसेल, असं कसं म्हणू?

म्हणून हे लिहिते आहे. तू निवडून आलास त्या संध्याकाळीच मी ठरवलं होतं, या वसंतात तू विचारलंस की हो म्हणायचं. बाग, मत, सगळं सोडून. माझं होतं आणि मी दिलं असतं, त्यात मला दुःख नव्हतं. पण ते कुणी हिसकावून घेतलं, तर मग तुला द्यायला माझ्याकडे राहिलं काय? कायद्याच्या बाजूने इतके लोक आहेत म्हणतात, की तुझ्या एकट्याच्या नकाराने तो अडणार नाही. न अडू दे. कायदा झाला की नाही, हे मी वर्तमानपत्रात वाचीन. तुझं नाव पुकारलं तेव्हा तू काय म्हणालास, ते मात्र मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. नाही म्हणाला असशील, तर वसंताची वाट बघू नकोस, तसाच तडक ये. हो म्हणाला असशील, तर दुकान उघड, लोकांचे पट्टे शिव, आणि माझ्या दाराशी येऊ नकोस.

आज तरी तुझी मतदार, आणि नाही म्हणालास तर तुझीच,
केझाया