सुमेधाबाईंचे हिरवे केस

पुसद,
बुधवार, दुपार

तीर्थरूप बळीराम मामांस,

गोविंदाचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. (तीर्थरूप हा शब्द फक्त आईवडिलांना लिहायचा, मामांना तीर्थस्वरूप, असं सरांनी शाळेत सांगितलं होतं. पण माझ्याकडे तो शब्द बरीच वर्षं बिनवापराचा पडून आहे, म्हणून तुम्हालाच लिहिला. चूक वाटल्यास तेवढा खोडावा, बाकीचं पत्र वाचावं.) तुमचा उजवा खांदा कसा आहे? शेक घेता का? मी सात वेळा फोन केला, सातही वेळा तुम्ही उचललात आणि माझा आवाज ऐकून ठेवलात. तक्रार नाही. फोन ज्या जोराने ठेवता त्यावरून खांदा बरा असावा, असा मी अंदाज करतो.

मी निघून आलो त्याबद्दल आधी लिहितो, म्हणजे ते मधे मधे येणार नाही. जायचंच होतं तर बाजाराचा दिवस निवडायला नको होता, आणि दोन माणसं साबण लावून बसलेली असताना तर नकोच होता. तुम्ही एकट्याने दोन्ही दाढ्या पुऱ्या केल्या, त्यातली एक वाळून गेली होती, हे मला गुलाबसिंगभाऊंनी सांगितलं. (फुलसावंगी-पुसद जीप चालवणारे. हे पत्रही तेच आणत आहेत. त्यांच्यावर रागावू नये.)

इथे माझं ठीक चाललं आहे. इंद्रजीतभाऊंच्या सलूनमध्ये चार खुर्च्या आहेत आणि पुरुष-बायका दोघांचंही काम होतं. मला रंगाचं काम दिलं, कारण माझा हात हळू चालतो आणि रंगाला तशीही पाऊण तास वाट बघावी लागते. मी एक वही ठेवली आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाला सहा प्रश्न विचारून उत्तरं तारखेसह लिहितो, आणि शेवटी कानामागची एक बारीक बट कापून वाटीतल्या रंगात बुडवून बघतो. बट बिघडली तर डोकं वाचतं. भाऊ म्हणतात, ‘अबे गोविंदा, तू केस रंगवून राह्यला का जनगणना करून राह्यला?’ तीन महिन्यांत ही बट मी फक्त एकदा कापली नाही. हे पत्र त्या एकदाबद्दल आहे.

मागच्या सोमवारी सुमेधाबाई आल्या. वय साठीच्या आसपास, कमरेच्या खाली जाणारी वेणी, आणि डोक्यावर चार बोटं पांढरं. त्याखाली एकदम काळंभोर, जणू कोणी पट्टीने रेघ मारली आहे. मी पहिला प्रश्न विचारला की पूर्वी केसांना काय लावत होता. त्या म्हणाल्या, मेंदी. यजमान लावून द्यायचे, दर महिन्याला, अंगणात पाटावर बसवून, जुन्या दातांच्या ब्रशने. यजमान आठ महिन्यांपूर्वी गेले. एवढं सांगून त्या रुमाल शोधायला लागल्या. आता मामा, साध्या मेंदीने केस तांबूस होतात, असे काळे होत नाहीत, हे तुमच्या दुकानात चार वर्षं काढलेल्या माणसाला कळायला पाहिजे होतं. कळलंही. काळ्या मेंदीत धातूची पूड असली तर बाटलीतला रंग तिच्यावर तापतो आणि बिघडतो, हेही माहीत होतं. पण पुढचे पाच प्रश्न विचारायचा मला धीर झाला नाही. मी वहीत ‘मेंदी (साधी)’ असं लिहून खाली रेघ मारली. (रेघ सरळ आली आहे.) मग बट कापायला कात्री उचलली तर त्यांनी माझा हात धरला. एक केसही कापायचा नाही म्हणाल्या. मी कात्री ठेवून दिली.

रंग मी फक्त पांढऱ्यावरच लावत होतो. पण इंद्रजीतभाऊंची पद्धत अशी की शेवटची दहा मिनिटं तोच रंग कंगव्याने खालपर्यंत ओढायचा, म्हणजे सगळं एकसारखं दिसतं. त्यांनी पलीकडच्या खुर्चीवरून खूण केली आणि मी ओढला. चौथ्या मिनिटाला वेणीचा भाग तापायला लागला. हात लावला तर चुलीवरच्या तव्यासारखा. बाई म्हणाल्या, ऊन आलं का आत? मी त्यांना जवळजवळ उचलूनच नळाखाली नेलं. धुतल्यावर वरचे पांढरे केस छान काळे झाले होते, आणि खालचे सगळे, पाठभर, हिरवे. शेवाळ लागलेल्या हौदासारखे. इंद्रजीतभाऊंनी एका क्षणात सावरून घेतलं. हा पुण्यातला नवीन शेड आहे, असं त्यांनी सलूनभर ऐकू जाईल असं सांगितलं. त्यामुळे बाजूच्या खुर्चीवरच्या कॉलेजच्या पोरीने मला हळूच विचारलं की एवढ्या लांब केसांना हाच रंग करायचे किती घ्याल.

बिघडलेल्या केसांवर एकच उपाय असतो, कानापर्यंत कापून टाकणे. भाऊंनी तो फुकट देऊ केला. बाई आरशात बघत राहिल्या. मला म्हणाल्या, “हिरवे तर हिरवे, पण कात्री लावू नका. वरचे माझे आहेत. खालचे त्यांच्या हातचे आहेत.”

मामा, त्यानंतर मी मोजून बघितलं. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात. म्हणजे त्यांच्या यजमानांचा हात दर महिन्याला अर्धा इंच खाली सरकतो आहे, आणि तो कापायचा नाही म्हणून त्यांनी आठ महिन्यांत वेणीचं टोकसुद्धा छाटलेलं नाही. आता ते केस विंचरताना तुटतात. त्या तुटलेले गोळा करून कागदात ठेवतात. मी रोज दुपारी जाऊन तेल लावून देतो. बाहेर निघताना त्या डोक्यावर पदर घेतात, आणि गल्लीतल्या बायका म्हणतात, उशिरा का होईना, बाईंना विधवेची रीत आठवली.

काल त्यांनी कपाटातून यजमानांची शेवटची पुडी काढून दाखवली. रिकामी. कागद चौकोनी घडीचा, वर लाल पेन्सिलीने लिहिलेलं, ‘लोखंडी कढईतच भिजवणे. घाई करू नये.’ ‘घाई’चा घ तुम्ही जसा काढता तसा जिल्ह्यात कोणी काढत नाही. मग मी भिंतीवरचा फोटो नीट बघितला. बाईंचे यजमान यज्ञेश्वरराव म्हणजे आपले चष्मेवाले साहेब. पाटबंधारे खात्यातले, बदली होऊन पुसदला गेले तरी महिन्यातून एकदा एसटीने आपल्या दुकानात यायचे, कधी कटिंग नाही, दाढी नाही, नुसते बाकावर बसायचे. ते आले की तुम्ही मला चहा आणायला पाठवायचात, तोही चौकातला नको, पार स्टँडवरचा. मला वाटायचं तिथला चहा चांगला असतो. आता कळलं की मी परत येईपर्यंत पुडी बांधून व्हायची. मी सांगेपर्यंत बाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, साहेब जुन्या ऑफिसात काम आहे म्हणून जातात आणि मेंदी येताना कुठूनतरी आणतात.

बाकी सर्व क्षेम. नोकरीची काळजी करू नये. भाऊ म्हणाले, चूक कोणाच्याही हातून होते. दुकानात हात कमी पडत असेल तर नवा मुलगा ठेवावा. मला राग येणार नाही.

तुमचा,
गोविंदा

ता. क. वर नोकरीबद्दल लिहिलं ते अर्धंच आहे. भाऊ पुढे म्हणाले की असं डोकं गावात फिरलं तर सलून बंद पडेल. शनिवारपर्यंत तू समजावून केस काप, नाहीतर रविवारी येऊ नको. बाई माझ्यावर भरवसा ठेवतात. मी ‘कापू या’ म्हटलं तर कदाचित ऐकतील. मी अजून म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही.

ता. क. २. म्हणून एक मागणं आहे. त्या हिरव्यावर बाटलीतला कुठलाच रंग आता चालणार नाही, फक्त तुमची पुडी चालेल. ती मला शिकवली नाहीत, ते बरोबरच केलं. मी राहणारा नव्हतो. आताही त्यात काय असतं ते सांगू नका. नुसती बांधून गुलाबसिंगभाऊंजवळ द्या. शुक्रवारी मिळाली तर मी कढईत भिजवीन आणि घाई करणार नाही. तुटणं थांबेल असं मी त्यांना सांगितलेलं नाही, कारण ते मला माहीत नाही.

ता. क. ३. सुमेधाबाईंनी एक विचारायला सांगितलं आहे. पुडी बांधायला अर्धा तास पुरतो, आणि साहेब अख्खा दिवस लावायचे. ते तुमच्याजवळ बसून काय बोलायचे? आठवेल ते लिहावं, किरकोळ असलं तरी चालेल, असं त्या म्हणाल्या. तुम्हाला माझ्या नावाने लिहायची इच्छा नसेल तर चिठ्ठी त्यांच्या नावाने लिहावी आणि पाकीट चिकटवून द्यावं. मी नुसतं पोचवीन.