अग्निगरुड, गवसलं डॉट कॉम आणि मी

१० मे २०१०, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या रोजनिश्या त्यांच्यामागे छापतात, म्हणून अक्षर जपून काढतो आहे. अर्थात ही फक्त माझ्यासाठी.

दुकानात (भगवंतराव कृषी केंद्र, देऊळघाट) आज गिऱ्हाईक नाही. काल नव्हतं. ऊन फार आहे, लोक घराबाहेर पडत नाहीत. समोरच्या रसवंतीवर मात्र गर्दी होती. ती माणसं कुठून येतात कळत नाही.

गेल्या हंगामात मी सगळ्या गावाला 'वज्र-९' या बीटी कपाशीची शिफारस केली. दिवाळीच्या सुमाराला झाडांची पानं लाल पडली आणि बोंडं बोराएवढी राहिली. याला लाल्या म्हणतात. लाल्याला हवामान जबाबदार असतं. मी तेव्हाच सगळ्यांना हे नीट समजावून सांगितलं होतं, त्यामुळे कोणाच्या मनात काही नाही.

युसूफभाई वीस वर्षं रोज दुकानात चहाला येत. दिवाळीपासून येत नाहीत. कामात असतील.

१२ मे

आमच्या मुलाने, सागरने, पुण्याहून आपला जुना कॉम्प्युटर पाठवला. बुलढाण्याचा शाकिर येऊन नेट जोडून गेला. जाता जाता त्याने एक नवीन सर्च इंजिन दाखवलं. गवसलं डॉट कॉम. चौकोनात मराठीतून काहीही विचारा, ते शोधून देतं. नाही मिळालं तर म्हणतं, 'गवसलं नाही. वेगळ्या शब्दांत विचारून पाहा.' इंजिन चांगल्या घरातलं वाटलं.

पहिला प्रश्न टाकला : देऊळघाटातील सर्वात विश्वासू कृषी केंद्र. गवसलं नाही. 'सर्वात' काढलं. गवसलं नाही. 'विश्वासू' काढलं. गवसलं नाही. नुसतं देऊळघाट टाकलं, तर देवळांचे फोटो वेगळे आणि घाटांचे वेगळे आले.

शाकिर म्हणाला, नवं आहे काका, शिकून राह्यलं. म्हणून मग तासभर बसून त्या चौकोनात माझी माहिती भरली. शिक्षण, अनुभव, स्वभाव. शाकिर म्हणाला की असं सांगितल्याने त्याला काही कळत नसतं. पण मी लिहीत असताना चौकोनातली उभी रेघ सारखी उघडझाप करत होती. लक्ष होतं तिचं.

१४ मे

इंजिनाला विचारलं : मित्र चहाला का येत नाही. लगेच गवसलं. 'चहाचे दुष्परिणाम : पित्त, जळजळ, निद्रानाश.'

म्हणजे युसूफभाईंना पित्त आहे. सहा महिने माणूस पित्ताने हैराण आणि मला सांगत नाही. मनावरचं ओझं उतरलं. बायकोच्या, सुभद्राच्या हाती डबाभर आवळ्याचं चूर्ण त्यांच्या घरी पाठवलं.

संध्याकाळी डबा परत आला. सुभद्रा म्हणाली, युसूफभाईंच्या सरवरीभाभीनं डबा रिकामा धाडला. शेवया असो, बोरं असो, नाहीतर चिमूटभर साखर, पण त्या घरून डबा कधी रिकामा आला नाही. मी तिला समजावलं की रिकामा डबा म्हणजे चूर्ण पूर्ण घेतलं, म्हणजे गुण आला. तिने डबा फडताळात ठेवला. मग म्हणाली, दोन घरं सोडून तर राहतात ते, तुम्हीच जाऊन या ना.

दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या दारात जाणं मार्केटिंगच्या तत्त्वात बसत नाही. हे तिला कळणार नाही.

१७ मे

मोठी बातमी. बियाणं कंपनीच्या साहेबांचा फोन. यंदा 'वज्र-१०' आणलं आहे आणि त्याच्या जाहिरातीला 'अग्निगरुड' या सुपरहिरो सिनेमाची चित्रं घेतली आहेत. कंपनीची गाडी गावात येऊन पडद्यावर सिनेमा फुकट दाखवणार. गाव लोटणार. गाव लोटलं की युसूफभाई येणार. युसूफभाई आले की सगळं पूर्ववत.

अभ्यास म्हणून आजच सुभद्राला घेऊन बुलढाण्याला जाऊन सिनेमा पाहून आलो. हिंदीत होता. माझं मत पुढीलप्रमाणे.

हिरो दिवसा घड्याळाच्या दुकानात बसतो. त्याला कोणी विचारत नाही. मग लाल सूट घालून उडतो आणि शहर वाचवतो. तरी लोकांना त्याची किंमत नाही. हा भाग फार खरा वाटला. डोळे ओले झाले, पण ते पंख्याच्या वाऱ्याने.

सुटाला खिसा नाही. घराची किल्ली कुठे ठेवतो, दाखवलेलं नाही. सुभद्राचं म्हणणं, एवढा लाल सूट कोणत्या बादलीत धुवत असतील, बाकी कपड्यांना रंग लागला असता. आणखी एक. अख्ख्या सिनेमात त्याला कोणी 'जेवलास का' विचारत नाही.

मध्यंतरानंतर मी डोळे मिटून चिंतन केलं. डोळे उघडले तेव्हा सगळं शहर हातात फुलं घेऊन त्याच्यापुढे उभं होतं. मधे मारामारी असणार. मारामाऱ्या सगळीकडे सारख्याच. सुभद्रा बसमध्ये डोळे पुसत होती. म्हणाली, त्या म्हातारीच्या दारातला भाग पाहिला ना तुम्ही? म्हटलं, बारकाईने पाहिला.

बोध : लोक आधी गैरसमज करून घेतात, मग फुलं आणतात. आपण थांबायचं.

संकल्प : १) हिरोसारखं कमी बोलणे. २) छाती पुढे. ३) थांबणे.

२० मे

कमी बोलण्याचा संकल्प शंभर टक्के यशस्वी. आज दिवसभरात दुकानात एकही शब्द बोललो नाही. कोणी आलं नव्हतं.

छाती पुढे काढून बसल्याने पाठीत उसण भरली आहे.

२१ मे

युसूफभाई दुकानावरून गेले. सायकल समोर आल्यावर मी आत वळून स्टॉक तपासू लागलो. हिरोही असंच करतो. आधी पाठ दिसते, मग चेहरा. पण चेहरा दाखवेपर्यंत ते पुढे निघून गेले होते.

२७ मे

साहेब आले. रविवारी सिनेमा. एक छोटी अडचण आहे. हिंदी सीडी दुसऱ्या तालुक्यात गेली आणि आपल्या वाट्याला इंग्रजी आली. साहेब काळजीत. मी म्हटलं, त्यात काय, मी माइकवरून सांगतो. सिनेमा पूर्ण पाहिलेला आहे आणि इंग्रजी आपलं बरं आहे. कीटकनाशकाच्या बाटल्यांवर सगळं इंग्रजीच असतं.

साहेबांनी हात हातात घेतला. म्हणाले, तुमच्यासारखा विक्रेता नाही.

सुभद्राला सांगितलं तर म्हणाली, तुम्ही? मध्यंतरानंतरचंही सांगणार? म्हटलं, मुख्यतः तेच.

३१ मे

कालच्या कार्यक्रमाचा अहवाल.

शाळेच्या मैदानावर सगळं गाव. बायाबापड्या, पोरंसोरं, बैलगाड्या जुंपून आलेली माणसं. अशी गर्दी मी निवडणुकीलाही पाहिली नाही. खाली 'वज्र-१०'चा फलक, वर पडदा. अंधार पडला आणि लाल सुटातला हिरो फलकाच्या बरोबर वरून उडत आला. मागच्या बायकांमधून कोणीतरी म्हणालं, बाई, लाल्या आला.

मग अख्खं मैदान तेच म्हणायला लागलं. हिरो आला की लाल्या, पडला की लाल्या पडला, दुश्मनाने धरला की धर लाल्याले. साहेबांनी विचारलं, लाल्या म्हणजे इकडे हिरो का? मी म्हटलं, हो, प्रेमाने म्हणतात.

पहिला अर्धा भाग माझा उत्तम झाला. मध्यंतरात साहेबांनी बियाण्याविषयी सांगितलं. लोक तेवढ्यात पाणी पिऊन आले.

दुसऱ्या भागात दिग्दर्शकाने गोंधळ केला आहे. हिरो घाईघाईत एका पुलाचा लोखंडी दोर ओढतो आणि पूल कोसळतो. मी सांगितलं, पूल दुश्मनाने पाडला. मग हिरो तोंडावरचा मुखवटा काढतो आणि पायी चालत एकेका घरी जातो. एका म्हातारीच्या दारात तो मान खाली घालून उभा राहिला. तो काहीतरी हळू बोलत होता आणि सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. मी माइकवरून सांगितलं, "आता आपला हिरो घरोघरी जाऊन सुधारित बियाण्याची माहिती देत आहे."

अंधारातून युसूफभाईंचा आवाज आला. मोठ्याने नाही. ते कधीच मोठ्याने बोलत नाहीत.

"माहिती नाई देऊन राह्यला, भगवंतभाऊ. माफी मांगून राह्यला."

कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर माइक बंद पडला. वायर माझ्याच हातात निघून आली होती. उरलेला सिनेमा गावाने माझ्याशिवाय पाहिला आणि त्यांना तो समजला असं दिसलं. बायका रडल्या.

'वज्र-१०'साठी कोणी नाव नोंदवलं नाही. साहेब न जेवता गेले. सुभद्राने साहेबांसाठी केलेली पातोडी आम्ही दोघांनी खाल्ली.  पातोडी मात्र चांगली झाली होती.

१ जून

इंजिनाला विचारलं : अग्निगरुड मध्यंतरानंतरची कथा. पहिल्याच फटक्यात गवसलं. नको तेव्हा बरोबर गवसतं.

पूल हिरोनेच पाडला होता. वाचवायला गेला आणि घाई केली. लोक चिडले ते पूल पडला म्हणून नाही. तो दुसऱ्या दिवशी आकाशात उडत राहिला, खाली आला नाही, म्हणून. मग तो प्रत्येक घरी गेला. फुलं त्यानंतरची.

सिनेमाविषयी सुधारित मत : विनाकारण लांबवला आहे.

३ जून

इंजिनाला विचारलं : माफी कशी मागावी. (सहज. माहिती असावी.) दहा उपाय गवसले. गुलाबाचं फूल द्यावं. मेणबत्त्या लावून जेवायला न्यावं. डोळ्यांत बघून तिचं नाव हळुवार उच्चारावं. युसूफभाईंच्या बाबतीत यातलं एकही जमण्यासारखं नाही.

सुभद्रा मागे उभी राहून वाचत होती, ते मला माहीत नव्हतं. म्हणाली, "दोन घरं पलीकडचं मशीनले काऊन पुसता?"

उद्या जातो.

४ जून

गेलो नाही. वाऱ्यात धूळ फार.

५ जून

युसूफभाईंच्या वावराकडे निघालो. निम्म्या वाटेवरच्या विहिरीपर्यंत गेलो आणि परत आलो. वाटेत कोणी विचारलं तर सांगायला उत्तर तयार होतं, सकाळचं फिरणं. कोणी विचारलं नाही. तब्येतीला मात्र फरक वाटतो.

६ जून

पुन्हा विहिरीपर्यंत. पाणी खूप खाली गेलं आहे. अर्धा तास वाकून पाहत बसलो, तर विहिरीच्या मालकाची सून धावत आली. म्हणाली, मामा, काही झालं का हो, असे काऊन वाकले? तिचा चेहरा पांढरा पडला होता. म्हटलं, काही नाही पोरी, पाणी पाहून राह्यलो. तिने मला हाताला धरून रस्त्यापर्यंत आणून सोडलं आणि मी वळणावरून दिसेनासा होईपर्यंत तिथेच उभी राहिली.

आपल्या भागात कोणी विहिरीत वाकलं की लोकांच्या मनात काय येतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. तिला उगीच घाबरवलं.

युसूफभाई गेल्या हंगामात किती विहिरींपाशी उभे राहिले असतील, मी कधी विचारलं नाही.

हे वाक्य खोडावं का? अक्षर चांगलं आलं आहे. राहू देतो.

७ जून, सोमवार

गेलो.

युसूफभाई वावरात कपाशीची धसकटं वेचत होते. मला पाहून म्हणाले, या. दुसरं काही नाही. मी तयार केलेलं भाषण सुरू केलं. तापमानातील चढउतार, जमिनीचा पोत, मॅग्नेशियम. त्यांनी मला मॅग्नेशियमपर्यंत बोलू दिलं. मग हातातली धसकटं बांधावर टाकली आणि म्हणाले, झालं?

भाषणाचा उरलेला भाग आठवेना. तोंडातून भलतंच निघालं. म्हटलं, "युसूफभाई, मी छातीठोक सांगतलं तुमाले. पन त्या बियाण्याचं मले काहीच माहीत नव्हतं."

"ते मले माहीत होतं," ते म्हणाले.

मी विचारलं, मग घेतलं काऊन?

"तुमी म्हनले म्हून." ते खाली बसले, मीही बसलो. "तुमाले बियाण्यातलं काय समजते, भाऊ? वीस सालापासून पाहून राह्यलो. राग त्याचा नाई. पानं लाल झाली, मी रोज इथं उभा राहू. वाटे, भगवंतभाऊ येतीन. येऊन काय करतीन? काही नाई. पाहतीन. तुमी दुकानातून हवामान सांगत राह्यले."

म्हणजे वीस वर्षं हा माणूस माझा सल्ला ऐकत होता आणि त्याला वाटत होतं की मला काही समजत नाही. दर हंगामात. मान डोलावून. हे पचायला वेळ लागेल.

 आता काहीतरी बोलायला हवं म्हणून मी 'वज्र-१०'चा विषय काढला. शेवटी तो माझा धंदा आहे. ते म्हणाले, यंदा कपाशीच नाई, सोयाबीन. बियाणं बुलढाण्याहून आणलं, दुसऱ्या दुकानातून. पोती रस्त्यावर उतरवून ठेवली होती, कारण गाडी वावरात येत नाही. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, आलेच आहात तर एक उचला.

पोतं तीस किलोचं. त्यावर दुसऱ्या दुकानदाराचं नाव मोठ्या अक्षरात. रस्त्यापासून वावरापर्यंत ते मी खांद्यावर नेलं, आणि नेमकं तेव्हाच निम्मं गाव त्या रस्त्याने जात होतं. त्यातल्या दोघांनी मला रामराम घातला. दिवाळीनंतर पहिल्यांदाच.

घरी आल्यावर सुभद्राने विचारलं, काय झालं? सांगितलं, स्पर्धकाच्या मालाची जवळून पाहणी केली. तिने खांद्याला तेल लावून दिलं.

उद्या पुन्हा बोलावलं आहे. अजून चार पोती आहेत.