रिकाम्या खोलीचं एक मिनिट

सोमवार, ४ फेब्रुवारी

नव्या नोकरीचा पहिला दिवस. मी खूश आहे हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढे कधी कामाचा वीट आला की हे पान उघडून बघता येईल.

इमारत छोटी, दोन मजली. खाली बाईंची खोली, कपाटं आणि चहाची किटली, वर रेकॉर्डिंग. संस्था बाईंची. त्या म्हाताऱ्या कारागिरांना बोलावून आणतात, खुर्चीत बसवतात आणि आयुष्यभर केलेलं काम त्यांच्याच तोंडून नोंदवून ठेवतात, आवाज आणि चित्र दोन्ही. आजवर विणकर झाले, घड्याळजी झाले, एक सुईण झाली. या सगळ्याला जागा पुरवायची हे माझं काम. काय कुठे ठेवायचं, कशाच्या दोन प्रती करायच्या, डिस्क भरत आली की काय हलवायचं. म्हणजे जन्मभर घरी केलं तेच. आई मला आवराबाई म्हणायची. दुसऱ्याच्या घरी पाहुणी गेले तरी त्यांचं कपाट लावून यायचे, आणि मग पुन्हा बोलावणं यायचं नाही.

रेकॉर्डिंगच्या खोलीत भिंतींना जाड करडं कापड, मधोमध एक लाकडी खुर्ची, समोर कॅमेरा, वर माइक. शेजारच्या चिंचोळ्या खोलीत यंत्रं आणि मी. मध्ये दुहेरी काच. मी टेबलावरच्या छोट्या माइकमध्ये बोलले तरच आत ऐकू जातं. रेकॉर्डिंग सुरू झालं की दारावर लाल दिवा लागतो आणि दार बाहेरून उघडत नाही, फक्त आतून. कॅमेरावाला म्हणाला, पूर्वी कुणीतरी ऐन रंगात आलेल्या गोष्टीत चहाचा ट्रे घेऊन घुसायचं, म्हणून हा बंदोबस्त.

चिमणी शाळेतून परस्पर इथेच आली. माझी लेक, वय वर्षं नऊ. तिचे बाबा बोटीवर, सहा महिन्यांनी येणार, तोवर आम्ही दोघीच. बाईंनी तिला खालचं टेबल दिलं, आणि तासाभरात तिने आमच्या घरातलं सगळं काही बाईंना सांगून टाकलं. तोंडाला दम म्हणून नाही. माझ्यावर गेली आहे.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

आज इथली एक गंमत कळली. माणसाला खुर्चीत बसवण्याआधी सगळ्यांनी बाहेर यायचं आणि रिकाम्या खोलीचं एक मिनिट रेकॉर्ड करायचं. कॅमेरावाल्याने मला नीट समजावलं की प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. पुढे कुणाचा खोकला कापला तर त्या फटीत त्याच खोलीची शांतता भरावी लागते, नाहीतर कानाला टोचतं. हे पटलं. पण माझ्याआधी इथे जे काका होते त्यांनी ही सगळी मिनिटं जपून ठेवली आहेत. क्रमांक घालून, दोन्ही डिस्कवर, चित्रासकट! दोनशे बारा फाइली. दोनशे बारा वेळा तीच रिकामी खुर्ची. मला हसू आवरेना.

कॅमेरावाल्यालाही हसू आलं, पण तो म्हणाला की काका याबाबतीत फार काटेकोर होते. मिनिट संपलं की दारातून खोलीकडे बघून मान हलवायचे आणि मगच माणसाला आत सोडायचे. त्यांचा घसा कायमचा गेला म्हणून त्यांनी काम सोडलं.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

सोमवारपासून बारा जणांची मोठी मालिका आहे आणि डिस्कवर जागा नाही. नवी डिस्क पुढच्या महिन्यात. बाईंना विचारलं तर त्या फोनवर होत्या. नको असेल ते काढा, डोकं चालवा, असं हातानेच सांगितलं. मी चालवलं. दोनशे बारा शांतता पुसल्या. दोन्ही डिस्कवरून, वर संगणकातलं कचऱ्याचं खोकंही रिकामं केलं. एखादी नमुन्याला ठेवावी असं वाटलं होतं, पण एकटी ठेवून काय करायची? आणि यापुढे ते मिनिट वाया घालवायचं नाही असंही ठरवून टाकलं.

एका डिस्कवरच्या मोकळ्या जागेत, बाईंना विचारून, आईला ठेवलं. आईला जाऊन आठ महिने झाले. शेवटच्या वर्षी मी तिला फोनवर टिपत गेले. ती शाल पांघरून बसलेली, डाव्या हाताने गुडघा चोळत बोलणारी. साडेतीन तास भरले. फोन बिचारा गुदमरला होता, म्हणून तिथून काढून इथे आणलं. आता आई इथेच आहे, फक्त इथे. दोन प्रती ठेवा म्हणून जगाला सांगणारी मी! नवी डिस्क आली की करीन.

मोकळी जागा बघून इतकं बरं वाटलं की घरी जाताना चिमणीला झोपाळ्यावर अर्धा तास बसू दिलं.

सोमवार, ११ फेब्रुवारी

मालिकेतले पहिले, पाव भाजणारे आजोबा. दोन तास छान बोलले. भट्टीत हात घालून ऊब कशी जोखायची हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

दुपारी तपासताना नेमकं तिथेच आवाज नाही. ओठ हलताहेत, डोळ्यांतून पाणी, आणि आवाज नाही. बरोबर एक मिनिट. कॅमेरावाल्याने वायरी, माइक, सगळं उलटंपालटं करून पाहिलं आणि शेवटी माझ्याकडेच संशयाने बघितलं. साधा बिघाड झाला की थोडी खरखर तरी उरते. इथे काहीच नव्हतं.

बुधवार, १३ फेब्रुवारी

जुन्या रेकॉर्डिंगमध्येही तसंच आहे. घड्याळजींची चार मिनिटं गेली. सुईणीची सहा. दुसऱ्या डिस्कवरच्या प्रतीतही, त्याच जागी. आज संध्याकाळपर्यंत मी एकतीस मिनिटं मोजली.

आणखी एक गोष्ट कॅमेरावाल्याला सांगितलेली नाही. आवाज गेलेल्या मिनिटात ती माणसं कॅमेऱ्याकडे बघत नाहीत. सगळी एकाच कोपऱ्याकडे बघतात, दाराच्या डाव्या बाजूला. कुणीतरी काही विचारतंय आणि आपण उत्तर देतोय अशी बघतात. सुईण तर मान डोलावते. त्या कोपऱ्यात मी आज जाऊन उभी राहिले. करडं कापड आहे, बाकी काही नाही. पण तिथे मला माझाच श्वास ऐकू येईना.

आईच्या फाइली तपासल्या. शाबूत आहेत.

शनिवार, १६ फेब्रुवारी

कालपर्यंत शहाण्णव मिनिटं गेली.

आज काकांकडे गेले. एकटेच राहतात. त्यांना बोलता येत नाही, पाटीवर खडूने लिहितात. मी शांततांचं नाव काढताच त्यांनी विचारलं, किती पुसल्या? मला आकडा सांगवेना. त्यांनी स्वतःकडे बोट दाखवून लिहिलं की मी तीन पुसल्या होत्या, जागेसाठीच. मग घशावर हात ठेवला.

पाटी पुसून पुसून त्यांनी जे सांगितलं ते असं. त्या खोलीत आपल्याआधीपासून काहीतरी बसलेलं आहे. ते कोण, त्यांना माहीत नाही. आपण बोलण्याआधी त्याला त्याचं एक मिनिट द्यायचं आणि दिलेलं परत घ्यायचं नाही. परत घेतलं तर ते दुसऱ्यांकडून भरून काढतं. आधी डिस्कमधून, मग पुसणाऱ्याच्या घरातून. उपाय एकच: जितकी पुसली तितकी त्याच डिस्कवर पुन्हा भरून द्यायची. त्यांना हे कळलं तेव्हा उशीर झाला होता.

मी आकडा सांगितला. त्यांनी पाटी खाली ठेवली. निघताना दारात त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला त्या हाताचीच जास्त भीती वाटली.

म्हाताऱ्या, एकट्या माणसाच्या कल्पना, असं बसस्टॉपपर्यंत स्वतःला सांगत आले.

सोमवार, १८ फेब्रुवारी

सकाळी दूध पिताना चिमणी शाळेतल्या भांडणाची गोष्ट सांगत होती. मधेच आवाज बंद. ओठ हलत होते, हात हलत होते, तिला काही कळलंच नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. एक मिनिट. मग वाक्याच्या मधूनच आवाज परत आला, आणि ती मला म्हणाली की आई, तू रडतेस कशाला, मी जिंकले ना.

बुधवार, २० फेब्रुवारी

काल सात मिनिटं. आज शाळेतून फोन. वर्गशिक्षिकेने प्रश्न विचारला तर मुलगी नुसतं तोंड हलवते, चेष्टा करते. डॉक्टरांनी घसा बघितला. घसा उत्तम आहे म्हणाले.

बोलताना ती आता माझ्याकडे बघत नाही. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघते. डाव्या बाजूला.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

जागा नाही. मालिकेने सगळी भरली आहे. बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, लेक आजारी आहे, तुम्ही दमलात, दोन दिवस घरी बसा. रेकॉर्डिंग पुसायची परवानगी मागितली तर भडकल्या. बरोबरच आहे. आवाज गेला तरी त्या माणसांचे चेहरे त्यात आहेत, ती माझी नव्हेत.

माझं तिथे एकच आहे.

साडेतीन तास. दोनशे दहा मिनिटं.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

नाही. आईला नाही. दुसरं काहीतरी —

शनिवार, २३ फेब्रुवारी

चिमणी आज दिवसभर बोलली. एकही शब्द ऐकू आला नाही. दुपारी तिला स्वतःलाच कळलं. आरशासमोर उभी राहून ती ओरडत होती. मी तिला उचलून घेतलं, नऊ वर्षांच्या मुलीला, आणि कडेवर घेऊन घरभर फिरले. तिचं रडणं मला फक्त खांद्यावर जाणवत होतं.

ठरलं.

रविवार, २४ फेब्रुवारी. सकाळी नऊ

इमारतीत आम्ही दोघीच. चिमणी खाली चित्र काढते आहे.

आईला शेवटचं बघितलं. फक्त पाच मिनिटं, जास्त बघितलं असतं तर हात चालला नसता. गुडघा चोळत ती म्हणत होती की अगं, जुनं टाकल्याशिवाय नवं ठेवायचं कुठे, टाक ते सगळं. कपाटाबद्दल बोलत होती. आई, मला माफ कर.

पुसलं.

सव्वानऊ. पहिलं मिनिट सुरू. लाल दिवा लागला. रिकामी खुर्ची. मी काचेच्या अलीकडे, तोंडावर हात ठेवून.

अकरा वाजून वीस

एकशे पंधरा झाली. पाणी आणायला खाली गेले. चिमणी चित्र रंगवत गुणगुणत होती. ऐकू येत होतं! मी जिन्यावरच बसले. देवा. तिला सांगितलं, इथेच थांब, वर येऊ नकोस, आता थोडंच राहिलं.

एक वाजता

दोनशे दहा. डिस्क भरली. दोन मिनिटं कमी पडताहेत, फक्त दोन. इकडचं तिकडचं पुसते आहे पण जागा वाढतच नाही. वैतागून यंत्राला शिवी घालायला तोंड उघडलं —

आवाज आला नाही. माझा.

ठीक आहे. माझा घे. माझाच घे. तिचा परत आला ना, बास.

एक वाजून पाच

रेकॉर्डिंग थांबत नाही. दोनशे अकरावं आपोआप सुरू झालं. बटण दाबते आहे, थांबत नाही. लाल दिवा तसाच.

पडद्यावर खुर्चीत कुणीतरी

शाल आहे. डावा हात गुडघ्यावर फिरतो आहे, सावकाश. चेहरा कोपऱ्याकडे वळलेला. काचेतून बघितलं तरी आहे. हे आईचं आहे सगळं, मी रिकामं केलेलं —

जिन्यावर पावलं. चिमणी. हाक मारत येते आहे. किती स्वच्छ आवाज. आई, मला आजी दिसली खालच्या खिडकीत, आजी आली ना?

माझ्या दाराची मूठ फिरत नाही. या खोलीचंही दार उघडत नाही. माइकमध्ये ओरडते आहे, नुसता श्वास. ती रेकॉर्डिंगच्या दारावर थापा मारते आहे. ते फक्त आतून उघडतं. फक्त आतून

खुर्चीतली ती उठली

दार उघडलं. चिमणी आत. मी काच बडवते आहे. ती इकडे बघत नाही. हे पान काचेला लावते, मोठ्या अक्षरात लिहिते, तिला वाचता येतं —

चिमणे इकडे बघ

चिमणे बोलू नकोस तिच्याशी. तोंड मीट. ती आजी नाही. आजीला मी सकाळी