छपराच्या पुलावरची हाक

९ नोव्हेंबर, मिरज

अंधश्रद्धा निर्मूलन मंडळाच्या बैठकीत छपराचा पूल माझ्या गळ्यात पडला. अध्यक्ष म्हणाले, मॅडम, फिजिक्स तुमचं, माहेर तुमचं, म्हणजे भूतही तुमचंच. सगळे हसले. मीही.

गेल्या पावसाळ्यात माहेरच्या शेजारचे ज्ञानूआबा त्या पुलाखाली मेलेले सापडले. तेव्हापासून दिवस मावळला की गावातलं कुणी पुलावर पाय ठेवत नाही. दवाखान्यात जायचं तरी लांबचा वळसा. हे डोक्यातनं काढायलाच हवं. ह्यांचं म्हणणं, 'माहेरी जातेस तर नुसती जेवून ये ना.'

१३ नोव्हें., माहेरी

मेढ्यापर्यंत एसटी, पुढं दादाची मोटारसायकल. पूल तसाच. ओढ्यावर लाकडी फळ्या, वर गंजके पत्रे. भाताची पोती भिजू नयेत म्हणून कुणीतरी पूर्वी घातलेले. लहानपणी आम्ही तिथंच पाऊस थांबायची वाट बघत बसायचो, भिण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हाही मोठी माणसं सांगायचीच म्हणा : पुलावर मागून हाक आली तर ओ द्यायची नाही, वळायचं नाही.

दादा तेच म्हणतो. "वळखीच्या आवाजात बोलवतंय गं. आपल्याच मानसाच्या. आबांनी ओ दिली आन् गेले."

म्हटलं, दादा, आबांचा पाय घसरला. मांडी मोडली. रात्रभर पावसात पडून राहिले. डॉक्टरांनी सांगितलंय ना?

"डाक्टर हुता का तितं?"

उद्या पूलच बघायचा ठरवला.

१४ नोव्हें.

सापडलं! दुपारी वारा सुटला आणि पूल घुमायला लागला. अगदी कुणी कण्हतंय असं. एका बाजूच्या पत्र्याचे खिळे गेलेत, तो थरथरतो. दादाला वर चढवलं, पत्रा दाबून धरायला लावला. आवाज बंद. सोडला, सुरू. मोबाईलवर सगळं घेतलं. दादासुद्धा खाली उतरल्यावर म्हणाला, "आयला, लय सोपं हाय की."

संध्याकाळी देवळापुढं पाच-पंचवीस माणसं जमली, त्यांना ऐकवलं. मी भलतीच रंगात आले होते. ज्ञानूआबांचा मुलगा मागं उभा होता. त्याच्याकडं बघून बोलायला हवं होतं, बोलले नाही.

घरी आल्यावर वहिनी चुलीपुढनं म्हणाल्या, "वन्सं, वाऱ्याला नाव घ्येता येतंय का वो?"

"छे हो, वहिनी! वारा नुसता घूं करणार. नाव माणूसच घेणार."

त्या जेवल्या नाहीत. डोकं दुखतंय म्हणाल्या.

१५ नोव्हें.

खळ्यावर भाताची झोडणी. दादा ट्रॉली आणायला गेला आणि वहिनींनी हातातली पेंढी खाली ठेवली.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी वैरण घेऊन त्या पुलावरून येत होत्या. पाऊस. अंधारून आलेलं. खालून हाक आली.

"सुनंदाऽ म्हणून. आबांचाच आवाज. मी म्हनलं, झालं, आबांचा आवाज काढून बोलवतंय मला. पदर कानावर घ्येतला आन् पळत सुटले. परत मारली हाक. मी न्हाई वळले."

मग दुसऱ्या दिवशी आबा सापडले. आजवर त्यांना वाटत होतं, आपण वाचलो. देवाला नारळही फोडलेला.

"आवं वन्सं, ते आबाच हुते का?"

म्हटलं, पावसात भास होतो. कालच मी सगळ्या गावाला छाती पुढं काढून सांगितलेलं, आज मीच भास म्हणतेय. भूत होतं तोवर ही बाई सुखानं झोपत होती. कशाला आले मी.

आबांनी ओ दिली म्हणून गेले, असं गाव म्हणतं. आबा हाका मारत होते. ओ आपण दिली नाही.

१६ नोव्हें.

सकाळीच वहिनी चप्पल घालून दारात. "तुमी खाली जाऊन हाक मारा. मी वर हुबी ऱ्हाते. परवाच्यागत करून बघू." दादाला काही सांगितलेलं नाही.

मी खाली उतरले, आबा पडले होते त्या खडकांपर्यंत. हाक मारली तर वर स्वच्छ ऐकू जाणार, हे कळायला फिजिक्स लागत नाही. फळ्यांच्या फटीतनं वहिनींच्या साडीचा काठ दिसत होता.

नाही मारली. नुसती उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा प्रयोगात खोटेपणा केला आणि त्याचं काही वाटलं नाही. वर जाऊन सांगणार होते, घसा फोडून ओरडले, बघा, ऐकू येत नाही.

वर गेले तर वहिनी फळीवर बसलेल्या.

"आली ऐकू," म्हणाल्या. "सुनंदा म्हनलासा. अगदी आबांवानी."

वारा नव्हता. पत्रा हलत नव्हता.

मी तोंडच उघडलं नाही. वाट चालून घर आलं तरी.

१८ नोव्हें., मिरज

अहवालाला हात लावलेला नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, 'मनाचे खेळ. तूच शिकवतेस ना?' शिकवते. पण मी हाक मारली नव्हती असं वहिनींना सांगितलं, तर त्या हातच जोडतील : म्हणजे तवाबी आबा नव्हते, त्येच हुतं! त्यांना झोप लागेल. पूल पुन्हा बंद. आणि पुन्हा कुणी खाली पडून हाका मारल्या तर?

नाही सांगितलं, तर त्यांनी माझ्या न मारलेल्या हाकेवरून स्वतःला दोषी ठरवलंय.

दुपारी त्यांचाच फोन. आवाज शांत, त्याचीच जास्त भीती वाटली. "उद्या आबांच्या घरी जाते. त्येंच्या लेकाला सांगते, तुज्या बापानं हाक मारलीवती, मी आले न्हाई. तुमी आला असतासा तर बरं झालं असतं."

"मी येते वहिनी. मी येईपर्यंत जाऊ नका."

पहाटेची गाडी मिळाली तर दुपारपर्यंत पोचेन. दोघी मिळून त्या दारात जायचं कबूल केलंय. तिथं आधी कोण बोलणार, ते मात्र ठरलेलं नाही.