चार दिवस दार बंद

२० ऑगस्ट
पुरवणी परीक्षा तीन सप्टेंबरला! म्हणजे ऐन गौरी आटोपल्या की दुसऱ्याच दिवशी. एमएस्सीचा हा एकच पेपर अडकलाय — प्रोबॅबिलिटी. पुन्हा नापास झाले तर सीट गेली, बसा घरी.

तारीख सांगताना सर म्हणाले, "लड़कियाँ पहले साल टॉप करती हैं, फिर पता नहीं इन्हें क्या हो जाता है." पता नहीं! या ना सर, आर. के. पुरमला आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. बसा एक दिवस डायनिंग टेबलावर पुस्तक घेऊन. बेल वाजली — मयुरा, बघ गं. कुकर उतरव — मयुरा. बाबांचा चष्मा कुठाय — मयुरा. आशयला मात्र कोणी हाक मारायची नाही. धाकटे चिरंजीव स्पर्धापरीक्षेची तयारी करतायत ना! त्याला कोपऱ्यातली खोली आहे, दारासकट. आत काय चालतं देव जाणे. काल क्रिकेटची कॉमेंट्री ऐकू येत होती.

२४ ऑगस्ट
मुनिरकाला माझ्या मैत्रिणीच्या, कादंबरीच्या खोलीवर जाऊन राहू का, विचारलं. ती माझ्याच वर्गातली, एकटी राहते. बाबा म्हणाले, "सणासुदीला मुलगी भाड्याच्या खोलीत? लोक काय म्हणतील!" कुठले लोक? खालचे मिश्राजी?

आई? मेथी निवडत बसली. माझ्या अभ्यासाचा विषय निघाला की आईला नेहमी काहीतरी निवडायचं असतं. राग आला तिचा.

२८ ऑगस्ट
अहिल्याआत्या पुण्याहून दिल्लीला आली. बाबांची मोठी बहीण. सोवळं बॅगेत घालूनच येते. रविवारी गौरी बसणार, सोमवारी सोळा भाज्या, पुरणपोळ्या, वर महाराष्ट्र मंडळातली माणसं जेवायला. सगळं ठरवून झाल्यावर म्हणते, "मयुरा आहेच हाताशी."

गेल्या वर्षीही हाताशीच होते. पुरण झकास झालं. दुसऱ्या दिवशीच्या चाचणीत भोपळा.

३० ऑगस्ट
खोटं बोलले! सरळ, चेहऱ्यावरची रेषही न हलवता.

"आत्या, मला अडचण आली."

आली वगैरे काही नाही. दोन आठवड्यांपूर्वीच येऊन गेली. पण आत्या टुणकन मागे सरकली. "अगंबाई, आत्ताच? कशाला शिवू नकोस हं. चार दिवस आशयच्या खोलीत बस, देवघरापासून तीच लांब."

आशय उखडला. "यार आत्या, माझा अभ्यास आहे!"

"टेबलावर कर की."

टेबलावर कर!! आत्याला मिठी मारावीशी वाटली. पण शिवायचं नव्हतं.

हा नियम मला कधीच पटला नाही. यावरून घरात दोनदा कडाक्याचं भांडलेय. बरं, नाही ना बदलत तुमचा विटाळ? मग यंदा तो माझ्या कामाला येऊ दे. दार लावलं. कडीसुद्धा घातली.

३१ ऑगस्ट
बेल वाजली. आशय उठला. परत वाजली. परत आशय!

१ सप्टेंबर
माझं ताट दाराशी ठेवतात. आज आईने आणलं. दार उघडलं तर एक हात कमरेवर, पदराला पुरण, चेहरा पार उतरलेला. बाहेर बाबा मंडळाच्या लोकांना फाळणीचा इतिहास सांगत होते.

माझी ही सुट्टी बाबांच्या वाट्यातून आली नाही, आशयच्याही नाही. सगळी आईच्या अंगावर पडली. एवढं वाईट वाटलं की रडूच आलं. म्हटलं, खड्ड्यात गेला पेपर.

"आई, मी येते मदतीला. खरं सांगू का, मला —"

"पुस्तक उघडं टाकून उठू नये," आई म्हणाली. आणि दार तिनेच ओढून घेतलं.

३ सप्टेंबर
पेपर दिला. एकही प्रश्न सोडला नाही. हात दुखतोय — काय मस्त दुखतोय!

२६ सप्टेंबर
एक्क्याऐंशी!!!

सरांनी बोलावून विचारलं, "यही पहले क्यों नहीं किया?" मी म्हटलं, "सर, पहले दरवाज़ा नहीं था." त्यांना काही कळलं नाही. मी समजावतही बसले नाही.

संध्याकाळी बाबा पेढे घेऊन आले. खूश होते, खरंच होते. पेढा माझ्या तोंडात घालत म्हणाले, "अष्टमीला ऑफिसमधल्या सगळ्यांना जेवायला बोलावलंय. आता तू मोकळीच आहेस, आईला मदत होईल." आईला विचारलं होतं का, मी विचारलं. "त्यात काय विचारायचं?" आई हसली. पेढा खाल्ला तिने.

३० सप्टेंबर, अष्टमी
सकाळी आई म्हणाली, "मला अडचण आली." बाबा "बरं, बरं" करत मागे सरले. आशय मुकाट्याने उशी घेऊन बाहेर आला. आईने जाता जाता मला मुद्दाम हात लावला. "अरे देवा, हिलाही शिवले! आता हीपण चालायची नाही स्वैपाकाला."

बाबा आणि आशय मोबाईलवर बघून पुऱ्या लाटतायत. आम्ही दोघी आत. कडी घातलीय.

आईची पाळी बंद होऊन चार वर्षं झाली.